मॉलिब्डेनम स्वस्त, अणुभट्टी घरची. मग टेक्नेशियमची टंचाई का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचा हाडांचा स्कॅन 'टेक्नेशियम आलं नाही' म्हणून दोनदा पुढे गेला; टेक्नेशियम म्हणजे स्कॅनआधी रुग्णाला टोचायचं किरणोत्सारी द्रव्य. मॉलिब्डेनम काही दुर्मिळ धातू नाही आणि ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टी आहे. पुस्तकात तर एका ओळीत लिहिलेलं असतं: मॉलिब्डेनम-९८ नं न्यूट्रॉन घेतला की मॉलिब्डेनम-९९ होतं आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-९९एम मिळतं. मग अडतं कुठे? ज्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं झडायला लागणारा वेळ, फक्त सहा तासांचं, ते औषध गावोगावी पोचतं तरी कसं? आणि आयोडीन, ल्युटेशियम, कोबाल्ट हीसुद्धा अशीच बनतात का?

पुस्तकातली ओळ बरोबर आहे. पण ती ओळ 'किती क्युरी' (क्युरी हे किरणोत्साराचं माप) याचं उत्तर देते, आणि आमच्या धंद्यात खरा प्रश्न असतो 'एका ग्रॅममागे किती क्युरी'. याला स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी म्हणतात. माझी नोकरीची बहुतेक वर्षं रुग्णालयाच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करण्याच्या खोलीत गेली, आणि तिथल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीच्या मुळाशी हाच आकडा सापडतो. म्हणून सगळं उत्तर त्याच धाग्यानं देतो.

आधी टेक्नेशियमची ओळख. आवर्तसारणीत ४३ क्रमांकाची जागा मेंडेलीव्हच्या काळापासून रिकामी होती. १९३७ साली इटलीत पालेर्मोला कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी ती भरली. त्यांच्याकडे स्वतःचा सायक्लोट्रॉन नव्हता. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये ड्युटेरॉनचा मारा खाल्लेली मॉलिब्डेनमची पट्टी अर्नेस्ट लॉरेन्सनी त्यांना टपालानं पाठवली आणि तिच्यातून त्यांनी हे नवं मूलद्रव्य रासायनिक पद्धतीनं वेगळं ओळखलं. म्हणजे मॉलिब्डेनमवर मारा करून टेक्नेशियम मिळवायचं ही कल्पना या मूलद्रव्याच्या जन्माइतकीच जुनी आहे. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांना ९९एम हे रूप सापडलं.

ते वैद्यकाला इतकं मानवलं याची कारणं साधी आहेत. त्यातून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा निघतो. शरीराबाहेर पडण्याइतका तो जोरदार असतो, आणि गॅमा कॅमेऱ्याच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात अडकण्याइतका मवाळ. बीटा कण जवळजवळ नाहीत, त्यामुळे रुग्णाला फुकटचा डोस बसत नाही. सहा तासांचं अर्धायुष्य तपासणीला पुरतं आणि दुसऱ्या दिवशी शरीरात फारसं काही उरत नाही. शिवाय त्याचं रसायनशास्त्र लवचिक आहे, निरनिराळ्या वाहक रेणूंना ते जोडता येतं. एमडीपीला जोडलं तर हाडात जातं, मिबीला जोडलं तर हृदयाच्या स्नायूत, डीटीपीए किंवा डीएमएसएला जोडलं तर मूत्रपिंडात.

सहा तासांची वस्तू दुसऱ्या शहरातून आणून साठवता येत नाही. म्हणून टेक्नेशियम कोणी पाठवत नाही, त्याचा जनक पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तासांचं. ते ॲल्युमिनाच्या एका छोट्या स्तंभावर बसवायचं, भोवती शिशाचं कवच घालायचं आणि रुग्णालयात पाठवून द्यायचं. आत मॉलिब्डेनम क्षय पावत राहतं आणि त्याच्या जागी टेक्नेशियम तयार होत राहतं. मॉलिब्डेनम ॲल्युमिनाला घट्ट धरून बसतं, टेक्नेशियम मात्र पर्टेक्नेटेटच्या रूपात सलाइनबरोबर सुटून येतं. हा जनरेटर १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी बनवला. ते काम करत होते टेल्युरियम-१३२ पासून आयोडीन-१३२ काढण्याच्या जनरेटरवर. आयोडीनमध्ये काहीतरी भेसळ येत होती, ती शोधताना टेक्नेशियम हाती लागलं. त्यांचे सहकारी पॉवेल रिचर्ड्स यांनी त्याचा वैद्यकात उपयोग व्हावा म्हणून चिकाटीनं पाठपुरावा केला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एक ग्रॅम साधं मॉलिब्डेनम घेऊ. त्यात मॉलिब्डेनम-९८ असतं साधारण २४ टक्के. थर्मल (मंद) न्यूट्रॉन पकडण्याचा त्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे पकडण्याच्या शक्यतेचं माप, ०.१३ बार्न, म्हणजे अगदीच कमी. दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला एकावर चौदा शून्यं इतके न्यूट्रॉन मिळतात (यालाच फ्लक्स म्हणतात) असं धरू; ध्रुवसारख्या मोठ्या संशोधन अणुभट्टीत चांगल्या जागी हीच पातळी असते. अणूंची संख्या, क्रॉस सेक्शन आणि फ्लक्स यांचा गुणाकार केला की कमाल ॲक्टिव्हिटी येते सुमारे २० अब्ज बेकरेल, म्हणजे अर्धा क्युरी. ही कमाल गाठायला अनंत काळ लागेल. एक अर्धायुष्यभर ठेवलं तर निम्मी, दोन अर्धायुष्यं ठेवलं तर ७५ टक्के, आठवडाभर ठेवलं तर ८३ टक्के. त्यानंतर भट्टीतली जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण जितकं बनतं जवळजवळ तितकंच झडतं.

म्हणजे ग्रॅमभर मॉलिब्डेनममागे हातात पडते जेमतेम अर्धी क्युरी. ऐकायला हा आकडा वाईट वाटत नाही. एका रुग्णाच्या हाडांच्या स्कॅनला साधारण २० मिलिक्युरी लागतात, मग अर्ध्या क्युरीत कितीतरी रुग्ण होतील! पण हे मॉलिब्डेनम-९९ त्या ग्रॅमभर साध्या मॉलिब्डेनममध्ये मिसळलेलं आहे. दोन्ही एकच मूलद्रव्य असल्यामुळे कुठल्याही रसायनानं ते वेगळं काढता येत नाही. ॲल्युमिनाची धरून ठेवण्याची ताकद ग्रॅममागे फार तर वीसेक मिलिग्रॅम मॉलिब्डेनमची. एका क्युरीच्या जनरेटरला दोन ग्रॅमहून जास्त मॉलिब्डेनम लागणार, म्हणजे ॲल्युमिना लागणार शंभर ग्रॅमच्या वर. एवढ्या स्तंभातून टेक्नेशियम धुऊन काढायला भरपूर सलाइन ओतावं लागतं, आणि येणारं द्रावण इतकं पातळ असतं की हृदयाच्या तपासणीसाठी लहान आकारमानात हवा तेवढा डोस बसत नाही. शिशाचं कवचही त्या प्रमाणात वाढतं. पुस्तकातली ओळ अडते ती इथे.

यावर जगानं काढलेला तोडगा म्हणजे विखंडन. युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटताना दर शंभर विखंडनांमागे साधारण सहा वेळा शेवटी मॉलिब्डेनम-९९ मिळतं. इथे सुरुवातीला मॉलिब्डेनम नसतंच, त्यामुळे वेगळं काढलेलं मॉलिब्डेनम अतिशय सघन असतं. एका क्युरीचं वजन मिलिग्रॅमच्याही आत राहतं. मग दोन-तीन ग्रॅम ॲल्युमिनाच्या स्तंभावर कित्येक क्युरी आरामात बसतात आणि ५ ते १० मिलिलिटर सलाइनमध्ये सगळं टेक्नेशियम उतरतं. आज जगभर रुग्णालयांत दिसणारा जनरेटर बहुतेक करून हाच.

पण त्याची किंमत मोजावी लागते. युरेनियम आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या भट्टीत पाच-सात दिवस ठेवायच्या, काढल्यावर काही तास थंड होऊ द्यायच्या आणि लगेच हॉट सेलमध्ये जाड भिंतींआड यांत्रिक हातांनी विरघळवायच्या. आणखी थांबून चालत नाही, कारण मॉलिब्डेनम तासाला साधारण एक टक्का या दरानं झडतं. हा 'तासाला एक टक्का' आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात कायम असतो. विमान एक दिवस चुकलं की २२ टक्के माल गेला. म्हणूनच व्यवहारात '६ दिवसांची क्युरी' हे माप चालतं: माल कारखान्यातून निघाल्यावर सहा दिवसांनी त्यात जेवढ्या क्युरी उरतील तेवढ्यांचेच पैसे. सहा दिवसांनी एक क्युरी हवी असेल तर निघताना साडेचार असाव्या लागतात.

त्या विरघळलेल्या पट्ट्यांत मॉलिब्डेनमबरोबर आयोडीन, झेनॉन, स्ट्रॉन्शियम, सिझियम असा सगळा पसारा असतो, आणि जवळजवळ सगळं युरेनियम तसंच उरतं. ते सांभाळायचं, साठवायचं, हिशेबात ठेवायचं. झेनॉनची तर वेगळीच गोष्ट आहे. अणुचाचणीवर बंदी घालणाऱ्या कराराच्या निरीक्षण केंद्रांना हवेतला किरणोत्सारी झेनॉन टिपायचा असतो, आणि त्यांच्या यंत्रांवर उमटणारा नेहमीचा झेनॉन बराचसा वैद्यकीय समस्थानिकं बनवणाऱ्या कारखान्यांतून आलेला असतो. त्यामुळे हे कारखाने वायू कसा अडवतात यात त्या संस्थेलाही रस असतो.

दुसरी अडचण सुरक्षेची. कित्येक दशकं या पट्ट्या अतिसमृद्ध युरेनियमच्या असत, म्हणजे बॉम्बला चालेल अशा मालाच्या. दक्षिण आफ्रिकेनं २०१० मध्ये कमी समृद्ध, २० टक्क्यांच्या आतल्या युरेनियमपासून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू करून दाखवलं आणि पुढे बाकीचे मोठे उत्पादक त्याच वाटेनं गेले. यात कचरा वाढतो, कारण तेवढ्याच मॉलिब्डेनमसाठी कितीतरी जास्त युरेनियम विरघळवावं लागतं. तरी तो सौदा योग्यच आहे असं मी ठामपणे म्हणतो.

तिसरी अडचण भट्ट्यांच्या वयाची, आणि तुमच्या आईच्या रद्द झालेल्या तारखांशी तिचाच थेट संबंध असू शकतो. जगाचं मॉलिब्डेनम मोजक्या जुन्या संशोधन अणुभट्ट्यांतून येत आलं आहे: नेदरलँड्समध्ये पेटेनची, बेल्जियमची बीआर-२, दक्षिण आफ्रिकेची सफारी-१, पोलंडची मारिया, चेक प्रजासत्ताकाची एलव्हीआर-१५, त्यामानानं नवी ऑस्ट्रेलियाची ओपल. कॅनडातली चॉक रिव्हरची एनआरयू १९५७ पासून चालत होती. मे २००९ मध्ये तिच्यातून जड पाण्याची गळती झाली आणि ती ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली. त्यातच फेब्रुवारी २०१० पासून पेटेनची भट्टी दुरुस्तीसाठी काही महिने थांबली. जगाच्या निम्म्याहून जास्त पुरवठा या दोघींवर होता. एनआरयूची जागा घेण्यासाठी कॅनडानं मेपल नावाच्या दोन भट्ट्या उभारल्या होत्या, पण त्यांची वर्तणूक आराखड्याप्रमाणे येईना म्हणून २००८ मध्ये तो प्रकल्पच सोडून दिला गेला. एनआरयू २०१८ मध्ये कायमची बंद झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेटेनच्या भट्टीत एका नळाचा आकार बिघडलेला आढळला, ती वेळेवर सुरू झाली नाही आणि पुन्हा जगभर टंचाई जाणवली. जी वस्तू साठवता येत नाही तिच्या पुरवठ्यात राखीव साठा नसतो. भट्टी थांबली की आठवड्याभरात रुग्णालयाच्या दारात त्याचा परिणाम दिसतो.

आता आपल्याकडचं. भारतानं समस्थानिकं बनवायला सुरुवात केली ती अप्सरा भट्टीपासून. ४ ऑगस्ट १९५६ ला ती ट्रॉम्बेला क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया आपोआप चालू राहू लागली. १९६० मध्ये सायरस आली, १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ध्रुव. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली, तेव्हापासून वैद्यकीय समस्थानिकांचा मोठा भार ध्रुववर आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, म्हणजे या देशातलं अणुवैद्यक मुंबईतच मोठं झालं. आणि ती पातळ मॉलिब्डेनमची अडचण आपल्या लोकांनी विखंडनाशिवाय सोडवायचा प्रयत्न कित्येक वर्षं केला, याचं मला फार कौतुक आहे.

पहिला मार्ग मिथाइल एथिल कीटोनचा, म्हणजे एमईकेचा. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा खाल्लेलं मॉलिब्डेनम ऑक्साइड कॉस्टिक सोड्यात विरघळवायचं आणि त्यावर एमईके घालून हलवायचं. टेक्नेशियम वरच्या थरात जातं, मॉलिब्डेनम खाली राहतं. वरचा थर काढून एमईके उडवायचं आणि उरलेलं टेक्नेशियम सलाइनमध्ये घ्यायचं. कितीही पातळ मॉलिब्डेनम असलं तरी टेक्नेशियम सघन मिळतं. पण एमईके पेट घेणारं, ते उडवायला वेळ लागतो, आणि रोज सकाळी हे करायला सराव असलेला माणूस हवा. भारतातल्या अनेक विभागांनी वर्षानुवर्षं असंच टेक्नेशियम काढलं. दुसरा मार्ग जेलचा. अशाच मॉलिब्डेनमचं झिर्कोनियमबरोबर न विरघळणारं झिर्कोनियम मॉलिब्डेट बनवायचं आणि तेच स्तंभात भरायचं. त्यात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा मॉलिब्डेनमच असतं, म्हणजे ॲल्युमिनाच्या दहापट तरी. ब्रिटनं, म्हणजे वाशीच्या बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीनं, 'जेलटेक' नावानं असा जनरेटर रुग्णालयांना दिला. विखंडनाच्या मॉलिब्डेनमवर चालणारे जनरेटर मात्र प्रामुख्यानं आयात मालावर अवलंबून राहिले. त्यावर उपाय म्हणून ट्रॉम्बेला विखंडनातून मॉलिब्डेनम-९९ काढण्याचा प्रकल्प उभारला गेला आणि ११ मे २०२३ ला तो राष्ट्राला अर्पण झाला. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं केवळ वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली होती. मला ती भट्टी फार महत्त्वाची वाटते, कारण इतर शंभर कामं असलेल्या भट्टीत रुग्णांच्या वेळापत्रकाला पहिला मान मिळेलच असं नाही.

माल रुग्णालयात पोचल्यावरही हाच आकडा पिच्छा सोडत नाही. सकाळी जनरेटरच्या एका सुईवर सलाइनची बाटली लावायची, दुसरीवर शिशाच्या कवचातली निर्वात बाटली. निर्वात बाटली सलाइन ओढून घेते, दोनेक मिनिटांत बुडबुडे दिसले की काम झालं. बाटली चिमट्यानं डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजण्याच्या यंत्रात, सोडून आकडा घ्यायचा, मग तीच बाटली शिशाच्या जाड भांड्यात घालून पुन्हा मोजायची. टेक्नेशियमचा मवाळ गॅमा शिशात अडतो, मॉलिब्डेनमचा ७४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आरपार येतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी जे दिसतं ते स्तंभातून निसटलेलं मॉलिब्डेनम. मर्यादा आहे टेक्नेशियमच्या प्रत्येक मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरी, तीही इंजेक्शनच्या क्षणी. टेक्नेशियम भराभर झडतं आणि मॉलिब्डेनम सावकाश, म्हणून सकाळी जेमतेम पास झालेली बाटली दुपारी नापास होते. नवीन मुलांना मी हे गणित कागदावर करायला लावतो. शिवाय रंगीत कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून ॲल्युमिनियम बघायचं. ते मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर हाडांच्या स्कॅनमध्ये यकृत उजळतं आणि रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर बुचकळ्यात पडतो.

एकदा काढल्यावर टेक्नेशियम पुन्हा साठायला लागतं आणि सुमारे २३ तासांनी कमाल गाठतं, म्हणूनच रोज सकाळची पद्धत पडली. घाई असेल तर चार तासांनी पुन्हा काढता येतं, त्या कमालीच्या निम्म्याजवळ मिळतं.

सोमवारची बाटली मात्र जपून वापरावी लागते. टेक्नेशियम-९९एम झडून टेक्नेशियम-९९ होतं, ज्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांच्या वर. ते जवळजवळ निरुपद्रवी, पण रासायनिकदृष्ट्या अगदी तेच. चोवीस तासांपूर्वी रिकाम्या केलेल्या जनरेटरमधून येणाऱ्या टेक्नेशियमच्या अणूंपैकी सुमारे २८ टक्के अणू ९९एमचे असतात. शुक्रवार ते सोमवार, ७२ तास गेले तर फक्त ८ टक्क्यांच्या आसपास. कॅलिब्रेटर मिलिक्युरी दाखवतो, अणू दाखवत नाही. टेक्नेशियम वाहक रेणूला जोडायला किटमध्ये (तयार औषधी मिश्रणाच्या बाटलीत) कथील लागतं. ज्या किटमध्ये ते अगदी थोडं असतं, उदाहरणार्थ मेंदूच्या रक्तप्रवाहासाठीचं एचएमपीएओ, त्यातलं कथील हे निरुपयोगी अणूच खाऊन टाकतात आणि जोडणी अर्धवट राहते. म्हणून अशा तपासण्यांसाठी चोवीस तासांच्या आत एकदा रिकामा केलेला जनरेटरच वापरतात. सोमवारी मेंदूचा स्कॅन ठेवायचा तर रविवारी कोणीतरी येऊन जनरेटर रिकामा करून गेलेलं असावं लागतं.

आता बाकीची समस्थानिकं. इथे एकच नियम लक्षात ठेवा: न्यूट्रॉन घेतल्यावर मूलद्रव्य बदलत असेल तर माल शुद्ध काढता येतो, बदलत नसेल तर लक्ष्याच्याच अणूंमध्ये मिसळलेला राहतो.

आयोडीन-१३१ पहिल्या जातीचं. टेल्युरियम डायऑक्साइड ॲल्युमिनियमच्या डबीत बंद करून भट्टीत ठेवतात. टेल्युरियम-१३० न्यूट्रॉन घेऊन टेल्युरियम-१३१ होतं, त्याचं मुख्य रूप २५ मिनिटांच्या अर्धायुष्यानं आयोडीन-१३१ मध्ये बदलतं. मग हॉट सेलमधल्या उष्णतेच्या भट्टीत सातशे अंशांच्या वर तापवलं की आयोडीन वाफ होऊन निघतं आणि अल्कलीत पकडता येतं. टेल्युरियम मागेच राहतं. आठ दिवसांचं अर्धायुष्य असल्यामुळे विमानाची धास्तीही कमी. थायरॉइडच्या कर्करोगात आणि अतिकार्यक्षम थायरॉइडमध्ये हे औषध कित्येक दशकं टिकून आहे ते उगाच नाही. अवघड काम असतं ते वाफेचं: आयोडीन हवेत निसटतं आणि माणसाच्या गळ्यात जाऊन बसतं, म्हणून त्या हॉट सेलच्या कोळशाच्या गाळण्या आणि कर्मचाऱ्यांच्या थायरॉइडची मोजणी यांत कसूर चालत नाही.

ल्युटेशियम-१७७ ची गंमत वेगळी. ल्युटेशियम-१७६ नं न्यूट्रॉन घेतला तर मूलद्रव्य तेच राहतं, म्हणजे नियमाप्रमाणे माल पातळ यायला हवा. पण त्याचा क्रॉस सेक्शन दोन हजार बार्नच्या वर आहे. मघाचंच गणित करा. साध्या ल्युटेशियममध्ये १७६ असतं फक्त २.६ टक्के, तरी त्याच फ्लक्समध्ये एका मिलिग्रॅममागे अर्धी क्युरी येते. जे मॉलिब्डेनमला ग्रॅममागे जमलं ते इथे मिलिग्रॅममागे. लक्ष्यात १७६ चं प्रमाण वाढवलेलं असेल तर कित्येक पटींनी जास्त. म्हणूनच ध्रुवमध्ये थेट मार्गानं बनवलेलं ल्युटेशियम आपल्याकडे न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी डोटाटेटला आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएसएमएला जोडून वापरता आलं. दुसरा मार्ग इटर्बियम-१७६ पासूनचा. तिथे मूलद्रव्य बदलतं, माल अगदी शुद्ध मिळतो, पण इटर्बियमच्या ढिगातून चिमूटभर ल्युटेशियम वेगळं काढणं फार किचकट, कारण दोन्ही शेजारशेजारची दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. थेट मार्गात १६० दिवस अर्धायुष्य असलेलं ल्युटेशियम-१७७एम थोडं येतं. रुग्णाच्या दृष्टीनं ते किरकोळ आहे, कचरा साठवणाऱ्या विभागाच्या दृष्टीनं नाही. खर्च आणि रुग्णसंख्या पाहता आपल्यासाठी थेट मार्ग योग्य होता असं माझं मत आहे.

कोबाल्ट-६० ला घाई नाही, त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं. कोबाल्ट-५९ च्या कांड्या वीजनिर्मितीच्या भट्टीत, आपल्याकडे राजस्थानात रावतभाट्याला, वर्षानुवर्षं ठेवतात. तरी ग्रॅममागे क्युरीचा प्रश्न इथेही आहेच. कर्करोगावरच्या टेलिथेरपी यंत्रात स्रोत काही सेंटिमीटरचाच असावा लागतो, नाहीतर किरणांच्या कडा पसरट होतात, म्हणून त्याला सघन कोबाल्ट लागतं. लासलगावच्या कृषक केंद्रात कांद्याला किंवा अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किरण द्यायचे तर स्रोत पसरलेला असला तरी चालतो, तिथे कमी सघन कोबाल्ट पुरतं.

फ्लोरिन-१८ अणुभट्टीतून येत नाही. ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढवलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉनचा मारा करून ते मिळतं. अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून सायक्लोट्रॉन शहरातच लागतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळला २००२ मध्ये सुरू झाला. सायक्लोट्रॉननं टेक्नेशियमही थेट बनवता येतं: मॉलिब्डेनम-१०० वर प्रोटॉन मारला तर दोन न्यूट्रॉन बाहेर पडून टेक्नेशियम-९९एम उरतं. एनआरयूच्या धक्क्यानंतर कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेच्या गटानं ते रुग्णालयातल्या सायक्लोट्रॉनवर करून दाखवलं. पण मॉलिब्डेनम-१०० जवळजवळ शुद्ध हवं, प्रोटॉनची ऊर्जा जपून धरावी लागते नाहीतर टेक्नेशियमची इतर भावंडं मिसळतात, आणि सहा तासांच्या हिशेबानं माल त्याच दिवशी आसपासच संपवावा लागतो. पुण्या-मुंबईला ते जमू शकेल, गडचिरोलीला जनरेटरच लागेल.

आईच्या स्कॅनबद्दल. विभागात फोन करून दोन गोष्टी विचारा: जनरेटर कोणत्या वारी येतो, आणि तो येण्याची खात्री झाल्यावर ते तारीख देतात की आधीच. जनरेटर आल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांची वेळ मागा. आठवड्यानं त्यात मुळातलं १७ टक्केच मॉलिब्डेनम उरलेलं असतं आणि रुग्ण कमी घ्यावे लागतात. टंचाई लांबली तर डॉक्टरांना फ्लोरिन-१८ सोडियम फ्लोराइडच्या पेट स्कॅनबद्दल विचारा. हाडांसाठी तो उत्तम आहे, काही बाबतींत टेक्नेशियमपेक्षा स्पष्ट चित्र देतो, आणि तो अणुभट्टीच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही. खर्च जास्त येतो, आणि जवळच्या शहरात सायक्लोट्रॉन आहे का यावर तो कधी मिळेल हे ठरतं. आईच्या उपचाराचा निर्णय स्कॅनवाचून थांबलेला असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. माल कमी असतो तेव्हा कोणाला आधी घ्यायचं याची यादी आम्ही रोज सकाळी त्यावरूनच करतो.